पहिला तुकडा कुत्र्याचा

फोन आला तेव्हा मी गच्चीवर साबुदाण्याच्या पापड्या वाळत घालत होते. कुसुमचे मिस्टर, जाधव भावोजी होते. "सुमनताई, कुसुम आज सकाळी उठलीच नाही," एवढंच म्हणाले. मी "निघते" म्हटलं, खाली आले, आणि रडायचं सोडून मोरीतला पांढरा पाच लिटरचा कॅन ओढून नळाखाली धरला. सून म्हणाली, "आई, पाणी कशाला? चिखलोलीला त्यांच्याकडे पाणी येतं की." तिला काय सांगणार? कुसुमकडे जायचं म्हणजे कॅन भरायचा, हे माझ्या हातांना इतकं पाठ झालं होतं की बाकी काही सुचलंच नाही. भरलेला कॅन मांडीवर घेऊन मी रिक्षात बसले आणि बदलापूर सुटल्यावर मग रडले.

आता हा कॅन काय आणि त्याच्यासोबतचा काथ्याचा ब्रश काय, ते सांगते. कुसुम जाधव आणि मी उल्हासनगरच्या एका मराठी शाळेत उभा जन्म शिकवत होतो. ती चौथीला, मी तिसरीला. म्हणजे मी पोरं घडवायची आणि तिने येऊन म्हणायचं, "सुमन, यांना जोडाक्षरं कोणी शिकवली गं, शत्रूने?" अशी ती. उंच, सावळी, आवाज असा की मैदानातली कबड्डी थांबावी. तिला एक खोड होती. कुठेही नावाची पाटी दिसली, कोणाच्या स्मरणार्थ बांधलेला पार, देणगीदाराची फरशी, विहिरीवरचा दगड, की हिने आधी तो धुवायचा, घासायचा आणि मग वरचं नाव मोठ्याने वाचायचं. आमच्या शाळेच्या दाराशी कोणा देणगीदाराच्या आईच्या नावाची फरशी होती. पानाच्या पिचकाऱ्यांनी लाल झालेली. दर सोमवारी प्रार्थनेआधी कुसुम तिथे पदर खोचून उभी. मी चिडवायचे, "झालं का दगडाचं अभ्यंगस्नान?" ती म्हणायची, "वाचायचं नाही तर लिहिलं कशाला? माणूस गेलं, नाव तरी धुतलेलं असू दे." जांभूळ गावात एका लग्नाला गेलो, तर नवऱ्या मुलाला हळद लागायच्या आधी हिने तिथल्या विहिरीवरच्या दगडाला पाणी घातलं. नवरीची आत्या माझ्या कानाशी येऊन विचारते, "ह्यांच्यात अशी पद्धत असते का?"

पद्धत नव्हती. त्याच्यामागे एक जुनं दुखणं होतं, आणि ते मला फार उशिरा कळलं. कुसुमचे वडील पोरवयात गाव सोडून अंबरनाथला आले, कारखान्यात लागले, क्वार्टर मिळाली, धम्म स्वीकारला आणि पुन्हा म्हणून गावाकडे फिरकले नाहीत. वेशीबाहेरचं घर, वेशीबाहेरचं पाणी, कशाला जायचं? पण म्हातारपणी ते एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगायचे. "त्या गावात आपलं काही नाही, एक दगड सोडून. माळावर उभा आहे. गावावर दरोडा आला तेव्हा आपला एक पूर्वज वेशीवर आडवा झाला, तो आणि त्याचा कुत्रा. दोघंही मेले. गावाने दगड उभा केला. ज्याच्या पायाशी कुत्रा आहे तो आपला." नाव विचारलं तर म्हणायचे, "नाव कोण लिहितंय आपलं?" वडील गेले आणि कुसुमच्या डोक्यात तो कुत्रा बसला. जगाची नावं धुतली, म्हणायची, पण माझ्या माणसाचा दगड खरा की बापाने पोरांना झोपवायला रचलेली गोष्ट, एवढं एकदा कळायला पाहिजे. "मला नाव नको गं. तो कुत्रा तेवढा बघायचाय." हे तिने मला सांगितलं तेव्हा ती हसत नव्हती. आणि कुसुम हसत नाही म्हणजे प्रकरण गंभीर.

गाव कर्जतचं. आता आमच्या बदलापूर-अंबरनाथकडे कर्जत म्हटलं की लोक म्हणणार, मग त्यात काय, गाडीत बसा आणि शेंगा सोलून होईपर्यंत उतरा. तिच्या सासरच्यांनीही कित्येक वर्षं हेच धरलं होतं की ही उगाच रडते, गाव तर इथे हाकेच्या अंतरावर. पण हे कर्जत नगर जिल्ह्यातलं, घाटावरचं, पार पलीकडे. जायचं कसं, कोणासोबत? भावोजी म्हणाले, "मी असल्या दगडबिगडांच्या मागे येणार नाही. आणि मिळाला तरी करणार काय, घरी आणणार?" तर त्यावर उपाय म्हणून उभी राहिली आमची लाजो.

लाजो म्हणजे उल्हासनगरातली आमची सिंधी मैत्रीण. शाळेसमोर तिचं पापड-लोणच्याचं दुकान. मधल्या सुट्टीत आम्ही तिच्याकडेच डबा खायचो. नवऱ्याचे गुडघे गेल्यावर ही बाई पन्नाशीत व्हॅन चालवायला शिकली आणि पार मुरबाडपर्यंत पापड पोचवू लागली. कुसुमची गोष्ट ऐकली आणि हातातली बरणी खाली ठेवत म्हणाली, "अरे चलो ना. दिवाली के बाद मेरा धंदा वैसे भी ठंडा. गाडी है, मैं हूं, और क्या चाहिए?" महापुराच्या पुढच्या वर्षाची गोष्ट आहे. त्या पुराने आमच्या तिघींच्याही घरात चिखल आणून ठेवला होता, वर्षभर आम्ही नुसत्या भिंती खरवडत होतो. त्यामुळे दिवाळीच्या सुट्टीत नवरे, मुलं, सुना सगळ्यांना घरी ठेवून तीन बायका निघणार म्हटल्यावर आनंदाच्या भरात मी आदल्या दिवशी भाजीत दोनदा मीठ घातलं. माझे मालक म्हणाले, "जा बाई, पण परत ये." मी म्हटलं, "बघते."

काय प्रवास झाला तो. घाई कसली म्हणून नाही. मुरबाडला वडे, माळशेजच्या तोंडाशी चहा, आणि जिथे दगड दिसेल तिथे गाडी थांबणार. घाटात एका वळणावर एका ट्रक ड्रायव्हरची हातभर समाधी होती, भावाने बांधलेली. कुसुम उतरली, कॅन काढला, धुतली, नाव वाचलं. मागून आलेला एक ट्रक थांबला, त्यातल्या ड्रायव्हरने उतरून काही न विचारता तिच्या हातातला ब्रश घेतला आणि मागची बाजू घासून दिली. पुढे एका गावात चौकातलं जवानाचं स्मारक, एका शाळेजवळ सगळ्यांसाठी विहीर खणणाऱ्या कोणा बाईची पाटी. लाजो स्टेअरिंगवर बोटं वाजवत बसायची. "सुमन, इसको बोल ना, पत्थर नहीं भागेगा, टाइम भागेगा." पण तिसऱ्या थांब्यानंतर बघते तर लाजोच कॅन घेऊन पुढे. मी विचारलं, "काय गं, तुला कधी लागलं हे वेड?" तिने पाणी ओतता ओतताच सांगितलं, "हमारे लोगों के पत्थर तो सब उधर सिंध में रह गए. मैं तो इधर रेफ्यूजी कैंप में पैदा हुई. किसी का तो धोऊं." मग आम्ही तिला चिडवायचं बंद केलं आणि चहाचे पैसे तिला देऊ दिले नाहीत, ज्यावरून ती नगरपर्यंत भांडली.

नगरला प्रभाताईंकडे मुक्काम. या आमच्या शाळेच्या निवृत्त मुख्याध्यापिका. आम्हाला बघून इतक्या हरखल्या की आधी रागावल्या. "कळवलं असतं तर मांडे केले असते." दुसऱ्या दिवशी जेवल्याशिवाय सोडलं नाही, मग आडवं पडल्याशिवाय सोडलं नाही, कुसुम मात्र रात्री आणि दुपारी, दोन्ही वेळा ताटावरून आधी उठली. मी तिला खिडकीशी उभी बघितली. ब्रशच्या काथ्याचे धागे एकेक सरळ करत होती. "नसला तर?" मला म्हणाली. "कुत्रा नसला तर बापाला खोटं ठरवायला आले असं होईल." मी म्हटलं, "मग परत जाऊ या." तर म्हणते, "वेडी आहेस का?"

आणि मग तो माळ. आमच्याकडे मान वर केली की समोर डोंगर, नाहीतर कोणाची तरी नवीन बिल्डिंग. इथे काहीच नाही. नुसतं गवत, पिवळं, तांबूस, कमरेला लागणारं, आणि वर आभाळच आभाळ. लाजोने गाडी रस्त्यातच थांबवली, चपला काढल्या आणि सरळ पळत सुटली, पन्नाशीची बाई, ओढणी मागे उडतेय. तेवढ्यात तिच्या पुढून काळविटांचा कळप उठला. उठला म्हणजे काय, जमिनीतून उडालाच, एक उडी, दुसरी उडी, आणि गेला. लाजो तिथेच मटकन बसली. आम्ही धावत गेलो तर ही हसतेय आणि डोळ्यांतून पाणी. "देखा? देखा तुमने?" म्हणजे काय, आमचे डोळे फुटले होते? तिघींच्या कपड्यांना कुसळं चिकटली होती, साडीच्या निऱ्यांत, परकराला, लाजोच्या सलवारीला. ती काढता काढता आम्ही पोरींसारख्या खिदळत होतो. इतकं हसल्याचं मला माझ्या लग्नाआधीचंही आठवत नाही.

गावातल्या चहावाल्याने दगड सांगितला. "तो शेंदऱ्या देव होय? हे काय, बाभळीपाशी." गेलो. कमरेएवढा दगड, पण शेंदूर... शेंदरावर शेंदूर, किती पिढ्यांचा कोण जाणे, थंडीत आईने पोराला स्वेटरवर स्वेटर चढवावेत तसा. माणूस नाही, कुत्रा नाही, नुसता केशरी फुगवटा. वर दोन चांदीचे डोळे. कुसुम त्याच्यासमोर उकिडवी बसली. कॅन उघडला. ब्रश ओला केला. मी तिच्या कानाशी लागले, "खालच्या बाजूला थोडंसं घास गं. एवढूसं. कोणाला कळतंय?" लाजो मागून म्हणाली, "नहीं कुसुम. किसी का भगवान है." मी म्हटलं, "अगं, पण आधी हिचा आहे." ब्रशमधून पाणी ठिबकत राहिलं. जन्मभर जिने दिसेल तो दगड घासला तिच्यासमोर तिचा स्वतःचा दगड, आणि हात पुढे जाईना. मग तिने ब्रश पदराला पुसला आणि बाजूला ठेवला. "मला नाही जमायचं," म्हणाली. "कोणीतरी एवढ्या मायेने लावलंय." मला तिचा इतका राग आला होता तेव्हा. एवढा घाट चढून आलो ते काय चांदीचे डोळे बघायला?

तेवढ्यात मेंढरं आली. त्यांच्यामागे एक धनगरीण, आमच्याच वयाची, कपाळभर कुंकू, हातात काठी. तिने आधी कॅनकडे बघितलं, मग ब्रशकडे. "हात लावू नगा देवाला," म्हणाली. कुसुम म्हणाली, "नाही लावला." तिने दगडाभोवती एक चक्कर मारून खात्री करून घेतली आणि मग आमच्याजवळ ऐसपैस बसून फडकं सोडलं. सगुणा तिचं नाव. भाकरी, लसणाची चटणी, कांदा. तिने भाकरीचा तुकडा मोडला आणि खायच्या आधी दगडाच्या डाव्या अंगाला, अगदी खाली, मातीला लागून ठेवला. मग दुसरा तुकडा दगडासमोर. मग तिसरा तोंडात.

कुसुमने बारीक आवाजात विचारलं, "बाई, तो खालचा कोणाला?"

"कुत्र्याला."

"कुठाय कुत्रा?"

"मला काय ठावं? सासूनं सांगितलं, पयला तुकडा कुत्र्याचा, मंग देवाचा, मंग आपला. तिला तिच्या सासूनं. कुत्रं काय आमी बी पायलं न्हाई."

मी लाजोचा हात धरला की तिने माझा, आठवत नाही.  मग कुसुमने सगुणाला सगळं सांगितलं. बाप, दरोडा, वेस, कुत्रा. आणि शेवटी हेही सांगितलं की आमचं घर वेशीबाहेरचं. लपवलं नाही, आवाज खाली केला नाही. सगुणाचा घास तोंडातच थांबला. ती दगडाकडे बघत राहिली, मग कुसुमकडे, मग पुन्हा दगडाकडे. मला वाटलं, आता ही उठते आणि काठी उचलते. 

"मंजी," सगुणा हळूहळू म्हणाली, "इतकी वर्सं तुमचं काम आमीच करतोय की."

आणि भाकरी मोडून तिने अर्धी कुसुमपुढे धरली. "घे. आज तू टाक."

कुसुम म्हणाली, "मी देव मानत नाही हो."

"देवाला कोण म्हनतंय? कुत्र्याला टाक."

कुसुमने तुकडा मोडला, वाकली आणि डाव्या अंगाला, मातीला लागून ठेवला. तिचा हात तिथेच राहिला थोडा वेळ... आणि एवढ्यात सगुणाचा खराखुरा कुत्रा मेंढरांतून धावत आला, तिथले दोन्ही तुकडे गपकन खाल्ले आणि शेपूट हलवत आमच्याकडे बघत उभा राहिला, अजून आहे का म्हणून. कुसुम जी हसायला लागली. हसता हसता रडली, रडता रडता पुन्हा हसली, आणि त्या कुत्र्याच्या गळ्यात पडली. मग चौघी मिळून जेवलो. आमच्या डब्यातली शंकरपाळी सगुणाला आवडली, लाजोने तिला पापडांची अख्खी थैली दिली, आणि कॅनमधलं उरलेलं पाणी कुसुमने बाभळीच्या बुडाशी ओतलं.

परतताना ती मागच्या सीटवर पाय पसरून गात होती. नगरला प्रभाताईंना तिने तीच गोष्ट तीनदा सांगितली आणि तिन्ही वेळा कुत्रा थोडा मोठा होत गेला. अंबरनाथला वडिलांच्या फोटोसमोर उभी राहून म्हणाली, "दादा, आहे. कुत्रा आहे." त्या दिवसापासून तिच्या ताटाच्या डावीकडे पहिला तुकडा. शाळेत डबा खातानाही, लग्नाच्या पंगतीतही. नंतर तो गेटवरच्या काळ्या कुत्र्याला जायचा, आणि ते बेणं असं माजलं की दुसऱ्या कोणाच्या हातचं खाईना. भावोजी वैतागायचे. जन्मभर विहारात अंधश्रद्धेवर भाषणं दिलेला माणूस. "कुसुम, हे काय खूळ? आपण हे सोडलंय ना?" ती म्हणायची, "खूळ नाही, ड्युटी आहे. तुम्ही कारखान्यात गेटवर कार्ड दाबल्याशिवाय आत जायचात का?" पुढच्या दिवाळीनंतर पुन्हा जायचं, सगुणाच्या सुनेला बघायला, असं दरवर्षी ठरायचं. या वर्षी नक्की ठरलं होतं. लाजोने गाडीचे टायरसुद्धा बदलले होते.

परवा भावोजींनी मला आणि लाजोला जेवायला बोलावलं. शाळेत कुसुमच्या नावाने पिण्याच्या पाण्याचा नळ बसवायचा ठरलाय, त्यावरचा दगड आलाय, म्हणाले. मी कॅन भरून घेतला. या वेळी सुनेने काही विचारलं नाही, उलट झाकण घट्ट आहे का ते बघितलं. चिखलोलीच्या त्या, पुरानंतर घेतलेल्या तिसऱ्या मजल्यावरच्या घरात सगळं जागच्या जागी होतं. बाल्कनीत तिचा काथ्याचा ब्रश खिळ्याला टांगलेला, आणि त्याच्याखाली गोणपाटात गुंडाळलेला दगड भिंतीला टेकवून ठेवलेला. भावोजींनी सुतळी सोडली. काळी फरशी. वर तिचं नाव, फक्त नाव. आणि खाली डाव्या कोपऱ्यात कोरलेला एक कुत्रा.

कुत्र्याचं आम्ही काही सुचवलं नव्हतं. भावोजी चष्मा पुसत म्हणाले, "दुकानदार म्हणत होता, साहब, लोग हसेंगे. म्हटलं, हसू देत, तू काढ. पण त्या गाढवाने बघा काय केलं." खरंच, त्याने कॅलेंडरवर असतो तसला झुबकेदार केसांचा, गळ्यात रिबीन बांधलेला कुत्रा कोरला होता. "मी माळावरचा सांगितला होता," भावोजी म्हणाले आणि त्यांचा चेहरा असा झाला की मला हसू फुटलं. लाजो हसली. शेवटी तेही हसले. कुसुमने बघितला असता तर फरशी वाजवून वाजवून हसली असती. मी पाणी ओतलं, लाजोने घासलं, आणि मी तिचं नाव वाचलं. मोठ्याने, चौथीच्या वर्गात हजेरी घेतात तसं.

मग ताटं घेतली. भावोजींनी स्वतः भाकऱ्या थापल्या होत्या, जाड आणि कडेला करपलेल्या. आम्ही बसलो, पण ते बसेनात. हातात मोडलेला तुकडा घेऊन बाल्कनीच्या दारात उभे राहिले, भाषण विसरल्यासारखे.

"सुमनताई," त्यांनी विचारलं, "आधी कुत्र्याचा ना?"

"हो," मी म्हटलं. "मग आपला."

मधला देवाचा तुकडा त्या घरात कधीच नव्हता. भावोजी दाराची चौकट धरून, गुडघ्यांना सांभाळत खाली वाकले आणि फरशीच्या डाव्या कोपऱ्याशी तुकडा ठेवून जेवायला आले.